यादीतलं नाव

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते, मी अजून पनवेललाच होते माहेरी. फराळाच्या डब्यात खाली चकल्यांचा चुरा आणि एक-दोन करंज्या उरलेल्या, दारातली रांगोळी पायाखाली येऊन फिस्कटलेली, आणि बाबा खिडकीपाशी आयपॅड घेऊन बसले होते. पंचाहत्तरी उलटलीय त्यांची, पण बातम्या सगळ्या वाचतात, फॉन्ट मोठा करून. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "अगं, तू तिकडे शिकत असताना त्या सह्या गोळा करत होतीस, ते हेच का गं? दारफूर?" मी हो म्हटलं. 2025 च्या 26 ऑक्टोबरला सुदानच्या दारफूर भागातलं अल-फाशर शहर पडलं होतं, आरएसएफ या तिथल्या निमलष्करी दलाची माणसं शहरात घुसली होती, आणि ती माणसं स्वतःच स्वतःचे व्हिडिओ काढून टाकत होती. मी दोन दिवस फोन उलटा करून ठेवत होते. बाबा थोडा वेळ वाचत राहिले आणि मग म्हणाले, "मग त्याचं पुढे काय झालं? तुम्ही एवढं केलं होतंत."

टोमणा नव्हता त्यात. बाबांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मला पटकन काही सांगता येईना, कारण सांगायला खूप होतं आणि त्यातलं कुठून धरायचं ते कळेना. वीस वर्षांपूर्वी याच विषयावर आमचं फोनवर इतकं वाजलं होतं की आईने रिसीव्हर हिसकावून घेतला होता, आणि ते सगळं बाबांच्या इतकं लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यात फिरतंय, म्हणून लिहायला बसले.

2006 चा फेब्रुवारी. मी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कँपसला मास्टर्स करत होते. डेव्हिस म्हणजे सपाट शेतजमीन, जिकडेतिकडे सायकली, आणि पाऊस पडला की कँपसवरच्या गोठ्याचा वास हॉस्टेलपर्यंत येतो, ज्याचं मला फार बरं वाटायचं. मेमोरियल युनियनच्या बाहेर दुपारी टेबलं लागायची. त्यातल्या एका टेबलावर हिरवं बॅनर, सुतळीने बांधलेली पेनं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सह्यांचे कागद, आणि मागे एक मुलगी उभी, तिच्या जॅकेटच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. आधी मी नुसतीच थांबले, पाऊस होता आणि वर छप्पर होतं म्हणून. ती बोलायला लागली. तिची आजी नाझींच्या हत्याकांडातून, पोलंडमधून वाचलेली, बाकीचं कुणी वाचलं नव्हतं. सुदानच्या पश्चिमेला काय चाललंय ते तिने मला इतक्या साध्या शब्दांत सांगितलं, की सरकार आधी विमानातून बॉम्ब टाकतं, मग घोड्यांवरून आणि उंटांवरून सरकारच्याच बाजूच्या जांजावीद टोळ्या येतात, गावातल्या पुरुषांना मारतात, विहिरीत प्रेतं टाकतात म्हणजे परत कुणी येऊन राहायला नको, बायकांचं काय करतात ते सांगताना ती थांबली आणि तिने कागद पुढे केला. फूर, मसालित, झगावा या जमातींची गावं. 2003 पासून चाललं होतं. माणसं मेलेली लाखांत, बेघर झालेली वीस लाखांच्या वर.

मागणी अशी होती की युनिव्हर्सिटीचा जो गुंतवणुकीचा पैसा आहे, त्यातून सुदान सरकारला कमाई करून देणाऱ्या कंपन्यांचे शेअर काढून टाका. खाली कंपन्यांची यादी. नऊ नावं. पेट्रोचायना, सिनोपेक, एक रशियन, दोन मलेशियन. आणि त्यात ऑइल अँड नॅचरल गॅस कॉर्पोरेशन, इंडिया. खाली भेल, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, पण होतं, पण ते मला नंतर दिसलं.

माझं अख्खं लहानपण ओएनजीसी कॉलनीत गेलंय.

बाबा मुंबई हायला होते. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी, जुहूवरून हेलिकॉप्टर. ते घरी येणार त्या दिवशी आई संध्याकाळी केस धुऊन बसायची, आणि बाबांच्या बॅगेतून डिझेल, घाम आणि मेसमधल्या कांद्याचा असा एक मिळून वास यायचा, तो वास म्हणजे आमच्याकडे सणच. माझी फी, भावाचं इंजिनियरिंग, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मला अमेरिकेला पाठवताना विमानाचं तिकीट, सगळं त्या पगारातून. आणि ते नाव तिथे त्या ओल्या कागदावर छापलेलं. ती मुलगी म्हणाली, तू इंडियाची ना, ही कंपनी माहितीय का तुला? मी म्हटलं, माझं घर चालतं तिच्यावर. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, मग तू आम्हाला हवीच आहेस, तुला यातलं कळत असेल. हे वाक्य ती अगदी सरळ मनाने बोलली होती. त्या दिवशी मी सही न करता सायकल काढली आणि लायब्ररीत जाऊन बसले.

लायब्ररीत जे वाचलं त्याने अजून गोंधळ झाला. सुदानच्या तेलात आधी टॅलिस्मन नावाची कॅनडाची कंपनी होती. तेव्हा दारफूर नव्हतं, दक्षिण सुदानमधलं युद्ध होतं, तेलविहिरींच्या आजूबाजूची गावं रिकामी केली जात होती, आणि कॅनडा-अमेरिकेतल्या चर्चच्या लोकांनी, संघटनांनी टॅलिस्मनच्या मागे इतकं लकडं लावलं, शेअर पडायला लागला, की शेवटी कंपनी वैतागून निघून गेली. तिचा 25 टक्के हिस्सा 2003 साली विकत कोणी घेतला, तर ओएनजीसी विदेशने. चीनकडे 40 टक्के, मलेशियाकडे 30, आपल्याकडे 25, आणि उरलेले 5 सुदान सरकारच्या कंपनीकडे. त्याच वर्षी त्या तेलाचं जहाज मंगळुरूला लागलं तेव्हा भारतात कौतुकच झालं होतं, ऊर्जा सुरक्षा वगैरे, आमच्या कॉलनीतही पेढे वाटले असतील, मला आठवत नाही. म्हणजे एकीकडे कुणीतरी वर्षानुवर्षं भांडून एका कंपनीला तिथून काढतं आणि ती जागा भरायला आपण जातो. खार्टूमपासून पोर्ट सुदानपर्यंत 741 किलोमीटरची पाइपलाइनसुद्धा आपल्या लोकांनी टाकून दिली. बाबांचे एक मित्र तिकडे पोस्टिंगवर होते, त्यांनी आणलेली वाळलेल्या लाल अंबाडीच्या फुलांची पिशवी आमच्या फ्रीजवर कित्येक महिने होती, त्याचं सरबत करतात म्हणे तिकडे, करकडे.

त्या रात्री कॉलिंग कार्ड घासून मी घरी फोन लावला. आणि सात महिन्यांपूर्वीच, 27 जुलै 2005 ला, मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळून गेला होता. मुंबई पाण्याखाली होती आणि समुद्रात आग. 22 माणसं गेली, त्यातली कित्येक सापडलीच नाहीत. बाबा तेव्हा घरी होते, त्यांची पाळी नव्हती, आणि जे गेले त्यात त्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवलेली माणसं होती. हे सगळं मला माहीत असून मी विषय काढला, कारण काढल्याशिवाय राहवत नव्हतं. बाबांनी आधी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, आपण नाही घेतलं तर चीन घेईल, आपल्याकडे तेल नाहीये, तुझ्या आईने चहा ठेवायचा कशावर? मी म्हटलं, बाबा, त्या पैशातून विमानं घेतात ते. ते म्हणाले, आणि अमेरिकेने इराकमध्ये काय केलंय ते तुला दिसत नाही का, तुझ्या युनिव्हर्सिटीने त्याच्यातून शेअर काढलेत का आधी? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाहीये. मग त्यांचा आवाज चढला, माझी माणसं जळाली गं गेल्या वर्षी आणि तू तिथे बसून आमचं नाव खुन्यांच्या यादीत घालतेयस. मग आईने फोन घेतला.

आठवड्याने मी सही केली. बाबांना मी ते फोनवर सांगितलं, त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं. आणि मी त्या टेबलामागे उभी राहायला लागले.

मार्च 2006 मध्ये युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या मंडळाने, त्या नऊ कंपन्यांमधून बाहेर पडायचं ठरवलं. हार्वर्डने आदल्या वर्षी पेट्रोचायनाचे शेअर काढले होते, मग स्टॅनफर्ड, येल. पण एवढी मोठी सरकारी युनिव्हर्सिटी आमचीच पहिली. 1986 साली याच रीजंट्सनी, अशाच मुलांच्या आंदोलनानंतर, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी धंदा करणाऱ्या कंपन्यांमधून 3.1 अब्ज डॉलर काढले होते, आणि 1990 मध्ये मंडेला ओकलंडला आले तेव्हा त्यांनी बर्कलीच्या विद्यार्थ्यांचे जाहीर आभार मानले होते, हे आमच्यातला प्रत्येक जण एकमेकांना सांगायचा. बाबांनाही मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, आपण 1974 ला डेव्हिस कपची फायनल सोडली होती साउथ आफ्रिकेविरुद्ध, कप हातात येत होता. अभिमानाने म्हणाले. त्या एका वाक्याने मला फार बरं वाटलं, कारण म्हणजे मुद्दा त्यांना पटत होता, फक्त तो आपल्या घरावरून जातोय हे सोसत नव्हतं. मला तरी कुठे सोसत होतं.

त्या दोन वर्षांत आम्ही काय काय केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, चांगल्या अर्थाने पण आणि दुसऱ्याही. स्टँड नावाची विद्यार्थ्यांची संघटना 2004 मध्ये जॉर्जटाउनला सुरू झाली होती आणि बघता बघता शेकडो कॉलेजांत पसरली. एक दिवस एखादी चैन सोडायची, कॉफी, सिनेमा, आणि ते पैसे पाठवायचे. स्वार्थमोर कॉलेजच्या मुलांनी तर आफ्रिकन युनियनच्या शांतिसैनिकांसाठी निधी उभा केला. त्यांच्या कामातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे सरपणाची गस्त. निर्वासितांच्या कॅम्पातल्या बायकांना सरपण आणायला मैलोन्‌मैल बाहेर जावं लागायचं, आणि बाहेर जांजावीद टपलेले. पुरुष गेले तर मारून टाकतील, बायका गेल्या तर बलात्कार होईल पण जिवंत परत येतील, असा हिशेब करून घराघरातून बायकांना पाठवायचे. हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला मेसमध्ये घास गिळता येईना. तर त्या बायकांबरोबर सैनिकांची गाडी जावी, एवढ्यासाठी पैसे. भाषण नाही, मेणबत्त्या नाहीत, एक गाडी आणि चार सैनिक.

आणि बर्कलीला अशोक गाडगीळ होते. मुंबईचे, लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये शास्त्रज्ञ. ते 2005 च्या शेवटी स्वतः दारफूरच्या कॅम्पांमध्ये जाऊन आले, बायका स्वयंपाक कसा करतात ते जमिनीवर बसून बघून आले. तिकडे असीदा करतात, ज्वारीच्या पिठाचं घट्ट, आपल्या उकडीसारखं, आणि ते दोन्ही हातांनी जोर लावून घोटावं लागतं, त्यामुळे हलकी चूल टिकत नाही, कलंडते. वारा इतका की तीन दगडांच्या चुलीतली आच सगळी बाहेर जाते. मग विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी एक पत्र्याची चूल बनवली, भारतातल्या एका चुलीचं डिझाइन घेऊन त्यात बदल करून, तिला लाकूड निम्म्याहून कमी लागायचं. म्हणजे बाई आठवड्यात जितक्या वेळा मरणाच्या वाटेने जायची त्याच्या निम्म्या वेळा जाणार. मी एकदा बर्कलीला जाऊन ती चूल बघितली, हात लावून बघितली. काळा पत्रा, वर भांडं नीट बसावं म्हणून आतून उंचवटे, बाजूला पाय. मला माझ्या आजीची चूल आठवली आणि मी तिथे त्या लॅबमध्ये रडले. पुढे त्या चुलीचे पत्रे मुंबईत कापून सपाट पॅक करून जहाजाने जायचे आणि तिथे स्थानिक लोक जोडायचे. कुठे जोडायचे? अल-फाशरला.

तेच अल-फाशर.

गूगल अर्थवर 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने दारफूरचा एक थर टाकला होता. उघडलं की पिवळसर वाळूवर लाल-पिवळ्या ज्वाळांची चिन्हं दिसायची, शेकडो, प्रत्येक चिन्ह म्हणजे एक जळलेलं गाव, अशी सोळाशेच्या वर गावं. झूम करत खाली जायचं. आधी राखाडी ठिपके, मग कळायचं की ही घरांची वर्तुळं आहेत, गोल भिंती उभ्या, वरचं गवताचं छप्पर नाही, आत काळं. कुंपण दिसायचं, कुंपणात गुरं नाहीत. एखाद्या घरापासून विहिरीपर्यंत चालून चालून पडलेली पायवाट तेवढी अजून पांढरी. मी रात्री रात्री हे बघत बसायचे. रूममेट म्हणायची झोप आता.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची आणि आता तर स्पष्टच दिसते. आम्हाला कोणी हात लावला नाही. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सप्टेंबर 2004 मध्येच सिनेटसमोर याला जेनोसाइड, म्हणजे वंशसंहार, म्हटलं होतं, म्हणजे सरकार तोंडाने आमच्याच बाजूला. एप्रिल 2006 ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर मोठी सभा झाली, तिथे अभिनेता जॉर्ज क्लूनी, होलोकॉस्टमधून वाचलेले लेखक एली वीझेल, तेव्हाचे सिनेटर ओबामा, सगळे एकाच मंचावर. डेमोक्रॅट, रिपब्लिकन, सिनेगॉग, चर्च. विरोध करणारं कुणी नव्हतंच. पोलीस आमच्याकडे बघून हसायचे. आफ्रिकेचे अभ्यासक महमूद ममदानी तेव्हा कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकवत होते, त्यांनी फार टोकदार लिहिलं की तुम्ही या लढाईतलं राजकारणच काढून टाकलंय, जमीन, पाणी, दुष्काळ, शीतयुद्धात वाटलेली शस्त्रं, काही नाही, फक्त चांगले आणि वाईट, आणि हीच मुलं इराकबद्दल इतकी गप्प का. आम्हाला राग आला होता त्यांचा. मला अजूनही वाटतं की मरणाऱ्याला वाचवायला आधी इतिहास पाठ हवा असं काही नसतं. पण इराकचा त्यांचा प्रश्न तोच होता जो बाबांनी फोनवर विचारला होता.

2024 च्या वसंतात तेच कँपस परत बघितले, या वेळी पुण्यातून, फोनवर. कोलंबियाच्या हिरवळीवर तंबू, मग यूसीएलए, मग आमच्या डेव्हिसच्या क्वाडवरही. गाझासाठी. मागणी शब्दशः आमचीच, गुंतवणूक कुठे आहे ते सांगा आणि ती काढा. पण या वेळी युनिव्हर्सिटीने आधीच सांगून टाकलं की इस्रायलच्या बाबतीत आमचा अशा मागणीला विरोध आहे. यूसीएलएला रात्री जमाव तंबूंवर चालून आला, फटाके टाकले, काठ्या, आणि पोलीस कितीतरी वेळ आलेच नाहीत. दुसऱ्या रात्री आले ते मुलांना उचलायला. देशभरात हजारो मुलांना अटक झाली, काहींचे व्हिसा गेले. मी बघत होते आणि मला आमच्या टेबलावरची ती सुतळीने बांधलेली पेनं आठवत होती. आमच्यातलं धैर्य काही कमी होतं असं मी म्हणणार नाही, त्याची परीक्षाच कुणी घेतली नाही. या मुलांची घेतली.

तर बाबांच्या प्रश्नाकडे. पुढे काय झालं. 2007 च्या शेवटच्या दिवशी अमेरिकेत सुदानमधून गुंतवणूक काढायला मोकळीक देणारा कायदा झाला, वीसहून जास्त राज्यांनी पेन्शन फंडांसाठी तसे नियम केले. चीनला ऑलिंपिकच्या आधी इतकं लाजवलं की त्यांनी दारफूरसाठी खास दूत नेमला. युनोच्या आणि आफ्रिकन युनियनच्या 26 हजार सैनिक-पोलिसांच्या संयुक्त फौजेला मंजुरी मिळाली, ती पूर्ण कधीच उभी राहिली नाही असं तिथले लोक सांगतात, पण होती, आणि 2020 च्या शेवटी तिचं काम बंद झालं. सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष बशीर, त्याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने 2009 मध्ये वॉरंट काढलं, तो माणूस अजून सुदानमध्येच आहे, कोर्टासमोर उभा नाही. मात्र अली कुशैब नावाचा जांजावीदचा एक म्होरक्या 2025 च्या 6 ऑक्टोबरला हेगमध्ये 27 आरोपांवर दोषी ठरला, डिसेंबरमध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. 2003-04 मधल्या त्याच गावांचे साक्षीदार, तरुण होते ते पन्नाशीला आले, कोर्टात येऊन बोलले. दोषी ठरला आणि वीस दिवसांत अल-फाशर पडलं. जांजावीदच्या टोळ्यांनाच 2013 मध्ये गणवेश चढवून आरएसएफ केलं होतं, म्हणजे मारणारे तेच, त्यांची मुलं-पुतणे.

आणि पोरं आमची पांगली. कुणी वकील झालं, कुणी गूगलला गेलं, मी पुण्याला परत आले. दारफूर संपलं नव्हतं, बातमी संपली होती. पण सुदानमध्येच विद्यार्थी उभे राहिले होते, ही गोष्ट आपल्याकडे कुणाला फारशी माहीत नाही. डिसेंबर 2018 पासून रस्त्यावर, एप्रिल 2019 मध्ये खार्टूमला लष्कराच्या मुख्यालयासमोर ठिय्या, आणि 11 एप्रिलला बशीरची सत्ता गेली. तीस वर्षांनी. 3 जूनला आरएसएफने तोच ठिय्या गोळ्या घालून मोडला, प्रेतं नाईलमध्ये टाकली. या आंदोलनातल्या मुलामुलींनी गल्लोगल्ली समित्या केल्या होत्या, आणि 2023 ला लष्कर आणि आरएसएफ एकमेकांवर उलटले तेव्हा त्याच समित्यांमधून मदतीच्या खोल्या उभ्या राहिल्या, मोठमोठ्या पातेल्यांवर सार्वजनिक स्वयंपाक. त्यांना 2025 मध्ये नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार मिळाला.

अल-फाशरच्या अशाच स्वयंपाकघरांतली मुलं वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत लोकांना काय वाढत होती तर अंबाझ. शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. आपण गुरांना घालतो ती. भिजवायची, शिजवायची, वाढायची. शहराभोवती आरएसएफने मातीचा बांध घातला होता, येलच्या लॅबने उपग्रहाच्या फोटोंवरून मोजला, ऑगस्टपर्यंतच 30 किलोमीटरच्या वर, माणूस आणि पोतं दोन्ही बाहेर-आत होऊ नये म्हणून. दीड वर्ष वेढा. मग ती पेंडही संपली. शहर पडल्यावर त्याच लॅबने फोटोंमध्ये हॉस्पिटलजवळ आणि बांधाजवळ माणसाच्या लांबीचे आकार आणि जमिनीवर लालसर डाग दाखवले. हॉस्पिटलमध्ये 460 हून जास्त माणसं मारली, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, रुग्ण आणि त्यांच्याबरोबर आलेले. मी परत ते झूम करून बघत बसले होते, अठरा वर्षांनी, रात्री, तशीच.

माझं म्हणणं बाबांना मी शेवटी असं सांगितलं की आमच्या त्या सगळ्या खटाटोपात मेणबत्त्या, टीशर्ट, सभा, यातलं फारसं काही उरलं नाही, ते उरण्यासाठी नव्हतंच. पण सरपणाची गाडी, चूल, आणि ती यादी, हे खरं होतं. यादी सगळ्यात जास्त, कारण तिने मला माझ्या ताटात बघायला लावलं. तेव्हा तेल होतं. आता सोनं आहे.

कारण दारफूरमध्ये जेबेल आमेरला सोन्याच्या खाणी आहेत, आरएसएफचा प्रमुख हेमेदती, त्याचं साम्राज्य त्यावर उभं राहिलं. लष्करही सोनं विकूनच लढतंय. सुदानचं बहुतेक सोनं जातं युएईला. युएई म्हणतं आम्ही आरएसएफला शस्त्रं दिली नाहीत, पण जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने आरएसएफने जेनोसाइड केलाय असं जाहीर करताना ज्या सात कंपन्यांवर निर्बंध घातले त्या युएईत होत्या. आणि भारतात येणाऱ्या सोन्यात स्वित्झर्लंडखालोखाल नंबर युएईचा, 2022 च्या करारानंतर तर टप्प्याटप्प्याने वर्षाला 200 टनांपर्यंत सवलतीच्या करात. माझ्या मोठ्या भाचीचं लग्न होतं मार्गशीर्षात. सव्वा लाख तोळा भाव, तरी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी सराफाला विचारलं, हे सोनं येतं कुठून हो? तो चांगला माणूस आहे, तीन पिढ्यांची ओळख, आईच्या पाटल्या त्याच्या आजोबांनी घडवल्यात. म्हणाला ताई, आमच्याकडे बुलियनवाल्याकडून बिस्किटं येतात, रिफायनरीचा शिक्का असतो, शुद्धता मी देतो लिहून, त्याच्या मागचं मला कोण सांगणार? आणि खरंच आहे, एकदा वितळलं की त्याला गाव राहत नाही.

धाकटी भाची पुण्यात कॉलेजला आहे. गाझाच्या वेळी तिने पोस्टर केली होती, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली होती. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती दोन रात्री वाचत बसली आणि मग तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एक पत्र लिहिलं, सराफांच्या संघटनेला द्यायला, की युएईमार्गे येणारं सोनं कोणत्या खाणीतलं आहे हे तुम्ही पुरवठादारांना विचारता का, विचारत नसाल तर विचाराल का. एवढंच. हे असलं पत्र लिहून काय होतं असं मला भावाने विचारलं. मी त्याला टॅलिस्मनची गोष्ट सांगितली, अर्धीच नाही, पूर्ण, त्यांची जागा कोणी घेतली तीही.

तर परवा भाचीचा फोन आला, रडवेली. तिच्या ग्रुपमधल्या एका मुलीने सही करायला नकार दिला आणि ग्रुपमधून बाहेर पडली. तिच्या घरी सराफी आहे, तालुक्याच्या गावात छोटं दुकान, वडील आणि काका. ती म्हणाली म्हणे, माझ्या फीचे पैसे ज्यातून येतात त्याच्याविरुद्ध तुम्ही मला सही करायला सांगताय. बाकीच्या मुली तिला काहीबाही बोलल्या. भाची मला विचारत होती की आत्या, आम्ही बरोबर आहोत ना? मी म्हटलं तुम्ही बरोबर आहात आणि ती पण बरोबर आहे, आणि आधी तिला काहीबाही बोललात त्याची माफी मागा. तुमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये सोन्याच्या धंद्यातलं कळणारी ती एकटी आहे. सही राहू दे बाजूला. तिला एवढंच विचार की त्यांच्याकडे बिस्किटं कोण आणून देतं, बिलावर काय काय लिहिलेलं असतं, आणि तिचे बाबा आपल्याशी बोलतील का. भाची गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली की ती मुलगी शनिवारी गावी चाललीय, त्याआधी तिला गाठते.